मुकादमाला न दिसलेली गाडी

चौतीस वर्षं ट्रक चालवला. या सगळ्या काळात माझ्या पायाशिवाय दुसऱ्या कुणी माझ्या गाडीचा ब्रेक दाबला नव्हता. त्यामुळे केजला आमच्या मालकांनी बारा नवे ट्रक आणले आणि शोरूमचा माणूस म्हणाला, की वेळ पडली तर ही गाडी आपणहून ब्रेक लावते, तेव्हा मी त्याला विचारलं, मग मी डुलकी काढायला मोकळा का? सगळे ड्रायव्हर हसले. तो हसला नाही. असले म्हातारे त्याला गावोगाव भेटत असावेत.

वाचकांपैकी बहुतेकांनी ट्रक फक्त बाहेरून, तोही शिव्या देत देत पाहिलेला असतो. म्हणून आधी जरा समजावून सांगतो. या नव्या गाडीच्या बंपरमध्ये मधोमध वहीएवढा काळा चौकोन असतो, ते रडार. आतून काचेच्या वरच्या अंगाला कॅमेरा असतो. रडार पुढं लहरी सोडतं. त्या कशावर तरी, विशेषतः लोखंडावर, आदळून परत आल्या की गाडीला कळतं, पुढं काहीतरी आहे आणि ते इतकं लांब आहे. ते नेमकं काय आहे हे ओळखायचं काम कॅमेऱ्याचं. या दोघांच्या जिवावर गाडी दोन कामं करते. तुम्ही साठचा वेग लावून पाय काढून घ्या, गाडी साठनं चालत राहते. पुढचा हळू झाला तर ही हळू होते, तो पळाला तर ही पळते, मधलं अंतर मात्र सोडत नाही. हे झालं क्रूझ. दुसरं काम ब्रेकचं. टक्कर होईल असं वाटलं की गाडी आधी ओरडते, मग लाल दिवा लावते, आणि तरी तुम्ही ढिम्म राहिलात तर स्वतः ब्रेक मारते. तोही असा, की मांडीवरचा डबा थेट काचेवर जातो.

ड्रायव्हर लोकांनी आठ दिवसांत या यंत्राला नाव ठेवलं, मुकादम. आमच्या बीड जिल्ह्यात मुकादम म्हणजे काय हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: ऊसतोड मजुरांच्या टोळीवरचा माणूस. स्वतः कोयता धरत नाही, पण तुम्ही कधी बसलात, कधी उठलात, सगळ्यावर नजर. आमचा मुकादमही तसाच. जरा पट्टा ओलांडला की पीं. जरा पुढच्याच्या जवळ गेलं की पीं.

सुरुवातीला त्यानं आमची पार अब्रू घालवली. मुकादम पुढच्या गाडीपासून चांगलं पन्नास-साठ मीटर अंतर ठेवतो. आता आपल्याकडं रस्त्यावर पन्नास मीटर मोकळी जागा दिसली की ती आपल्यासाठीच सोडलीय असं प्रत्येकाला वाटतं. एक जीप त्यात घुसायची. मुकादम जीपपासून पुन्हा अंतर धरायला गाडी हळू करायचा. त्यात मोटरसायकल घुसायची. केजहून माजलगावला निघालेला मी पुढं जातोय का मागं, तेच कळेना. एक ओळखीचा जीपवाला शेजारून जाताना गाडी हळू करून म्हणाला, “नाना, गाडीला ताप आलाय का?” ज्याला सगळा तालुका उस्ताद म्हणतो, त्यानं हे ऐकून घ्यायचं.

मग एक दिवस मुकादमानं मला उपकाराखाली आणलं. दुपारची वेळ होती. रस्त्याच्या डाव्या अंगाला मेंढ्यांचा मोठा कळप चालला होता आणि कळपामागचा धनगर माझ्या जुन्या ओळखीचा निघाला. त्यानं हात केला, मीही मान वळवून हात केला. तेवढ्यात गाडी किंचाळली आणि जागच्या जागी बसली. छातीला पट्टा करकचला. पुढं बघतो तर एक टेम्पो मेंढ्यांसाठी थांबलेला, आणि माझ्या बंपरात अन् त्याच्यात दोन हात जागा. मी पाय उचललासुद्धा नव्हता. त्या दिवशी मी मनातल्या मनात मुकादमाचे पाय धरले.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं पुढं माझं झालं. मालकांनी मला ड्रायव्हरांना शिकवायच्या कामावर घेतलं होतं आणि मी कीर्तनकारासारखा मुकादमाचा महिमा सांगू लागलो. पाय सैल ठेवा, त्याला त्याचं काम करू द्या, तुमच्यापेक्षा त्याला आधी दिसतं. अकरा जणांनी माना डोलावल्या. बारावा युसूफ. माझ्याच हाताखाली तयार झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं विचारलं, “नाना, त्या दिवशी त्याला मेंढरं दिसलती का टेंपो?” मी त्याला म्हटलं, गप बस बे, थांबली ना गाडी? प्रश्न किती नेमका होता हे मला महिनाभरानं कळलं, आणि आजही त्याची आठवण झाली की कानशिलं तापतात.

जानेवारीतली सकाळ. दिंद्रुडच्या बाजूला कॅनॉलचं पाणी आहे, ऊस आहे, त्यामुळं थंडीत धुकंही मरणाचं पडतं. ऊसतोडीचा मोसम भरात होता. त्या रस्त्यानं कारखान्याकडं उसाच्या बैलगाड्या चालतात. टायरची चाकं, लाकडी साटा, आणि वर इतका ऊस की मागून गाडीही दिसत नाही, बैलही दिसत नाहीत. नुसता वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या पाल्याचा, हिरवा ढीग हलत चालल्यासारखा वाटतो. वाढं जवळजवळ जमिनीला टेकलेलं.

मी चाळीसचं क्रूझ लावलं होतं. धुक्यात मला काही दिसत नव्हतं, पण डॅशबोर्डच्या पडद्यावर पुढच्या गाडीचं छोटं चित्र उमटलं आणि ट्रक आपोआप हळू झाला. जवळ गेल्यावर धुक्यातून एक बैलगाडी निघाली. मी खूश झालो. मला न दिसलेली बैलगाडी मुकादमानं हेरली होती. तिला बाजूनं काढलं, ट्रकनं पुन्हा चाळीस धरले. पडदा रिकामा होता. म्हणजे रस्ता रिकामा, असं मी धरून चाललो.

रस्ता रिकामा नव्हता. काचेपुढं एकदम हिरवं काहीतरी आलं. पीं नाही, दिवा नाही, काही नाही. मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. गाडी घसरत गेली, मागचा माल पुढं सरकल्याचा आवाज आला, आणि ट्रक थांबला तेव्हा उसाची वाढी माझ्या काचेवर घासत होती. आधी टेम्पोपाशी दोन हात तरी जागा होती. इथं ऊस काचेला टेकला होता, आणि त्या उसावर एक बाई बसली होती.

ती उतरली. चाळिशीची, डोक्याला घट्ट रुमाल, कमरेला कोयता. नवरा पुढं बुजलेल्या बैलांच्या वेसणी धरून त्यांना चुचकारत होता. बाईनं आधी गाडीचं मागचं अंग हात लावून तपासलं, मग माझ्याकडं वळली.

“डायवर, डोळे हायती का न्हाईत तुला?”

माझ्या तोंडून जे निघालं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, “ताई, गाडीला दिसलं न्हाई.”

“गाडीला?” ती म्हणाली. “गाडी तू चालवतूस का गाडी तुला? आमाला रोज ह्याच रस्त्यानं जायचंय. मोसम संपस्तोर.”

तिचं नाव कलाबाई. शिरूर कासारकडची. नवरा रावसाहेब. त्यांच्या अड्ड्यावर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तळावर, एकतीस बैलगाड्या होत्या आणि त्या सगळ्या रोज पहाटे निघून त्या धुक्यातून कारखान्यावर जाणार होत्या. त्याच रस्त्यानं आमचे बारा ट्रक जाणार होते, आणि बाराही ड्रायव्हर माझ्या सांगण्यावरून ब्रेकवरचा पाय सैल ठेवून बसलेले असणार होते. हे सगळं मला तिथं रस्त्यावर उभ्या उभ्या उमगलं आणि जानेवारीत घाम फुटला.

ड्रायव्हरांना कारण न सांगता एवढंच म्हटलं, धुकं विरल्याशिवाय दिंद्रुडकडं गाडी काढू नका. एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. पहिली बैलगाडी दिसली आणि दुसरी का दिसली नाही? गाड्या सारख्या, ऊस सारखा, धुकं तेच. पुढचे चार दिवस मी ऊन पडल्यावर त्या रस्त्यानं फेऱ्या मारल्या. क्रूझ बंद, पाय ब्रेकवर, एक नजर रस्त्यावर आणि दुसरी पडद्यावर. जी गाडी पडद्यावर उमटेल तिच्याजवळ जाऊन थांबायचं आणि मागून नीट बघायचं. गाडीवानांना वाटलं हा माणूस काहीतरी चोरायला बघतोय. चौथ्या दिवशी उलगडा झाला. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत चार-चार तास थांबावं लागतं, म्हणून काही नवरा-बायको तिथंच चूल मांडून भाकरी करतात. त्यांची पिठाची स्टीलची परात उसामागं दोरीनं बांधलेली असते. ज्या गाडीच्या मागं परात, ती मुकादमाला दिसायची. जिच्या मागं पाण्याचा प्लास्टिकचा कॅन, ती कधी दिसायची, कधी नाही. कलाबाईच्या गाडीमागं कॅन होता. ती भाकरी अड्ड्यावरूनच बांधून आणायची.

मालकांना सांगितलं. ते घाबरले आणि त्यांची भीती खोटी नव्हती. ते म्हणाले, नाना, हे ड्रायव्हरांच्या कानावर घालू नका, उद्या सगळे मुकादमावर फडकं बांधतील आणि जे वाचतंय तेही वाचणार नाही. काही गावांत ड्रायव्हर असं करतातच. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी गाड्या सुटायच्या आधी बाराही जणांना गोळा केलं. आमच्या धंद्यात उस्तादानं चूक कबूल करायची पद्धत नाही. उस्ताद फार तर रस्त्याला शिव्या देतो. मी म्हणालो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. मुकादमाला ट्रक दिसतो, टेम्पो दिसतो, बैलगाडी दिसेलच असं नाही. युसूफनं त्या दिवशी विचारलं होतं ते बरोबर होतं आणि मी त्याला गप्प केलं. युसूफनं मान खाली घातली, जणू चूक त्याचीच होती. मग म्हणाला, “मग आता काय करायचं ते सांगा, नाना.”

करायचं काय, हे सांगितलं सर्व्हिसच्या इंजिनिअर बाईंनी. शेख मॅडम संभाजीनगरहून गाड्या तपासायला यायच्या, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. मला वाटलं होतं की परातीची गोष्ट ऐकून हसतील. त्यांनी वही काढली. सगळं ऐकून म्हणाल्या, काका, धुक्यात क्रूझ लावू नका हे गाडीच्या पुस्तकात छापलंय. ते पुस्तक आम्ही प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच काढलं नव्हतं. मला वाटलं आता संपलं, पण त्यांनीच पुढं सांगितलं. समुद्रात लाकडी होड्याही मोठ्या जहाजांच्या रडारला दिसत नाहीत, म्हणून होडीवर पत्र्याचा कोपरा टांगतात. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडायचे, खोलीच्या कोपऱ्यासारखे. त्या खोलगट भागात लहर कुठूनही शिरली तरी आली तशी माघारी जाते. सपाट पत्रा जरा तिरका झाला की लहर भलतीकडं जाते, कोपऱ्याचं तसं होत नाही.

मी आयुष्यभर हॉटेलवाल्यांकडं तेलाचे पंधरा किलोचे डबे उतरवले आहेत. त्या चौकोनी डब्याचा खालचा कोपरा म्हणजे काय? दोन भिंती आणि एक तळ. तिन्ही काटकोनात. मी मॅडमना म्हटलं, हा कोपरा आमच्याकडं आयता मिळतो.

कारखाना साफसफाईसाठी एक दिवस बंद असतो, तो दिवस आम्ही धरला. दिंद्रुडजवळ नव्या रस्त्याचा एक तुकडा वाहतुकीला बंद होता. मालक आले, बारा ड्रायव्हर आले, अड्ड्यावरची निम्मी माणसं जत्रा बघायला यावं तशी आली. गाडी कुणाची घ्यायची हा प्रश्न होता. मी कलाबाईकडं गेलो. तिनं मला ओळखलं आणि चेहरा तसाच ठेवला. रावसाहेब नको म्हणत होते. ती म्हणाली, “बैल सोडा अन् न्या. मला बी बगायचंय ह्याला काय दिसतंय ते.”

ट्रक मीच चालवला. वेग तीस, पाय ब्रेकच्या वर, आणि वेळ पडली तर वळवायला उजवीकडं रान मोकळं. पहिल्या फेरीला बैलगाडीमागं फक्त कॅन. पडदा कोराच राहिला. मी पाय दाबला तेव्हा मागं बघ्यांचा गलका थांबला. दुसऱ्या फेरीला कॅन सोडून परात टांगली. या वेळी चित्र उमटलं, पण वाऱ्यानं परात फिरली की चित्र जायचं, सरळ झाली की यायचं. तिसऱ्या फेरीला डब्याचा कापलेला कोपरा, पोकळ बाजू माझ्याकडं करून. मी ट्रक वळवून रस्त्याला लावला, अजून वेगही धरला नव्हता, आणि पडद्यावर चित्र येऊन बसलं. ते हललं नाही. मी पाय उचलून धरला. गाडी ओरडली, दिवा लागला, आणि ट्रक आपसूक थांबला. खाली उतरून पावलं मोजली. ट्रकच्या नाकापासून डब्यापर्यंत अकरा पावलं.

मग आम्ही डबा तिरका टांगून पाहिला, गाडी तिरकी लावून पाहिली. सगळ्या फेऱ्यांना गाडी थांबली. लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मालकांनी मला मिठी मारली. आमच्या मालकांना मी वीस वर्षांत कुणाच्या खांद्यावर हात ठेवताना पाहिलं नव्हतं. शेख मॅडमनी मात्र सगळ्यांना उभं करून बजावलं, हा डबा मदतीला आहे, भरवशाला नाही. धुक्यात क्रूझ बंद, वेग तीसच्या आत, पाय ब्रेकवर. आणि डब्यावर लाल रेडियम लावा, म्हणजे माणसालाही दिसेल. आजही मी नव्या ड्रायव्हरला हीच चार वाक्यं आधी शिकवतो.

केजच्या एका पत्रेवाल्यानं दोन दिवसांत कोपरे कापून, कडा वाकवून दिले. एका डब्यातून दोन निघायचे. गाडीवानांनी मात्र लगेच घेतले नाहीत. कुणी म्हणालं वाजतंय, कुणी म्हणालं गाडीमागं फुटका डबा टांगला तर लोक हसतील. ज्यांच्या बैलांच्या शिंगांना गोंडे आणि गळ्यात घुंगरू असतात, त्यांनी तेलाचा डबा मिरवायचा म्हणजे कमीपणाच. कलाबाईनं स्वतःच्या गाडीला पहिला बांधला, आणि मग बाकीच्या बायकांना काय सांगितलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी एकतीस गाड्यांना एकतीस डबे होते. काहींनी त्यांना गेरू फासून वर बैलांची नावं लिहिली होती.

फेब्रुवारीत पुन्हा एक दिवस तसंच धुकं पडलं. युसूफ चालवत होता, मी शेजारी होतो. क्रूझ बंद, वेग सत्तावीस-अठ्ठावीस. समोर नुसता पांढरा पडदा. तेवढ्यात डॅशबोर्डवर चित्र आलं. युसूफनं वेग कमी केला, पण चित्र भराभर जवळ येत होतं, म्हणजे पुढचं जे काही होतं ते चालत नव्हतं, रस्त्यात उभं होतं. गाडी ओरडली. युसूफचा पाय आणि मुकादमाचा ब्रेक एकदमच लागले असतील. आम्ही थांबलो तेव्हा पुढं अजून काहीच दिसत नव्हतं. युसूफनं मागच्या वाहनांसाठी दिवे चालू केले आणि आम्ही दोघं उतरून पुढं चालत गेलो.

वीसेक पावलांवर लाल रेडियम लुकलुकलं. पुढच्या एका गाडीचं जू तुटलं होतं म्हणून मागच्या सहा गाड्या रस्त्यात खोळंबल्या होत्या. शेवटची गाडी कलाबाईची. आणि कलाबाई गाडीच्या मागं, रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडं पाठ करून उभी होती. सैल झालेल्या उसाचा दोर दोन्ही हातांनी ओढून बांधत होती. आमचा ट्रक आणि बैलगाडी यांच्या मधे दुसरं काही नव्हतं, ती होती.

पावलं ऐकून तिनं वळून पाहिलं. मागं धुक्यात आमचे दिवे दिसत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“आज लांब थांबलास की, नाना,” ती म्हणाली.

युसूफ पुढं झाला आणि त्यानं दोराचं दुसरं टोक धरलं. मीही धरलं. तिघांनी मिळून ऊस आवळून बांधला.

मोसम संपला तेव्हा गाड्या परत निघाल्या. आदल्या संध्याकाळी निरोप आला होता, म्हणून सकाळी आमचे बारा ट्रक रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे केले. मालकांना आधी विचारलं नव्हतं. तेही चहा घेऊन आले. गाड्या रिकाम्या होत्या, वर संसार लादलेला, पोरं बसलेली, आणि प्रत्येकीच्या मागं डबा उन्हात चमकत होता. पहिली गाडी जवळ आली तशी बाराही ड्रायव्हरांनी एकदम हॉर्न दाबले. सगळा रस्ता दणाणला. कलाबाई गाडीवरून उठून उभी राहिली आणि ओरडली, बैल बुजतेत, बंद करा ते. आम्ही हॉर्न सोडले. मग त्या शांततेत घुंगरांचा आवाज येत राहिला आणि मी एकेक गाडी मोजत राहिलो. एकतीस आल्या होत्या. एकतीस गेल्या.